आधी आमचे जुने रिपोर्ट द्या, मग नवं रक्त न्या : जिल्हा आरोग्य विभाग आणि सॅम्पल नेणाऱ्या संशोधकांना खुलं पत्र

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब, सिकलसेल कार्यक्रमाचे समन्वयक, आणि आमच्या गावातून रक्ताच्या ट्यूबा भरून नेणारे संशोधक सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र ग्रामपंचायतीत पोहोचलं. पुढच्या महिन्यात गावात पुन्हा सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचा कॅम्प आहे, 0 ते 40 वयाच्या सगळ्यांनी आधार कार्ड घेऊन हजर राहायचं, टार्गेट शंभर टक्के. सरपंचांनी ते पत्र माझ्याकडे पाठवलं कारण गावात सेवा केंद्र माझं आहे आणि रजिस्ट्रेशनचं काम दरवेळी माझ्याच गळ्यात पडते. त्याच पत्रात खाली दोन ओळी आहेत, की हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलच्या औषधाच्या कॅप्सूल यापुढं पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मिळणार नाहीत, फक्त जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळतील. म्हणजे रक्त घ्यायला तुम्ही आमच्या दारात येणार आणि औषध घ्यायला आम्ही जिल्ह्याला जायचं. हे वाचून गप बसणं काही जमलं नाही. साधं निवेदन दिलं तर ते तुमच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये एक नंबर होऊन बसते, म्हणून हे उघडं लिहून राहिलो.

मी कोण ते सांगतो. पूर्व विदर्भातला, धानाच्या पट्ट्यातला. गावाचं नाव लिहीत नाही, तालुकाही लिहीत नाही, का ते खाली कळेलच. मी एएस पॅटर्न आहे, म्हणजे सिकलचा एकच जीन असलेला नुसता वाहक; माझी धाकटी बहीण एसएस, म्हणजे दोन्ही जीन सिकलचे, तिला आजारच आहे. आई-बाबा दोघंही एएस, आणि हे त्यांना बहिणीचं निदान झाल्यावर कळलं. तोपर्यंत तिचे डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवणाऱ्याकडे नेत, हातपाय सुजले की वात म्हणून तेल चोळत. आणि माझं काम असं आहे की ज्याचं अडलं तो माझ्याच टेबलावर येते. दिव्यांगाच्या यूडीआयडीचा फॉर्म, एसटीच्या मोफत प्रवासाचा कागद, परीक्षेत जादा वेळ पाहिजे त्याचा अर्ज, सगळ्याला सिकलसेलचं सर्टिफिकेट लागते, सर्टिफिकेटला पक्का रिपोर्ट लागते आणि तो रिपोर्ट तुमच्याकडे अडकून पडला आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यानं सिकलसेल यादीत घेतला, चांगलं झालं, पण 'अपलोड रिपोर्ट' या खान्यात मी काय माझा फोटो टाकू का?

तर पहिलं म्हणणं रिपोर्टचंच.

मागच्या कॅम्पला जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागला होता. बोटाला टोचायचं, रक्त त्या द्रावणाच्या ट्यूबीत टाकायचं, थोडा वेळ थांबायचं आणि ट्यूबीच्या मागं काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पोट्ट्यांना मजा वाटत होती, रेघा मोजून राहिले होते. ही सोल्युबिलिटी टेस्ट, स्वस्त आहे, झटपट होते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती एवढंच सांगते की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. एएस आहे का एसएस आहे हे ती सांगू शकत नाही, त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या लॅबमधल्या पक्क्या टेस्ट लागतात. म्हणून पॉझिटिव्हवाल्यांचं शिरेतून रक्त काढलं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबा भरल्या, थंड डब्यात ठेवल्या, गाडी गेली. ती गेली ते गेलीच.

तेव्हापासून गावात माणसं नुसती 'पॉझिटिव्ह' म्हणून फिरून राहिली. एका घरी कबड्डी खेळणारा धडधाकट पोरगा आहे, त्याच्या आईनं त्याचं खेळणं बंद केलं. दुसऱ्या घरी एक पोट्टी हातपाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडते तर घरचे म्हणतात, "समद्यायलेच पॉझिटिव्ह आलं ना, त्यायले काही होऊन राहिलं का, तूच काऊन रडते?" बहुतेक पोरगा एएस असेल आणि पोट्टी एसएस, पण हे मी अंदाजानं बोलतो, मी काही लॅब नाही. पीएचसीत विचारलं की तालुक्याला विचारा म्हणतात, तालुक्याला गेलं की जिल्ह्याच्या लॅबचं नाव, लॅबवाले म्हणतात ते काम एजन्सीकडं होतं आणि तिचा करार संपला. आणि तुमच्या आढावा बैठकीच्या तक्त्यात आमच्या गावापुढं 'तपासणी पूर्ण' असं लिहिलेलं आहे.

यातच अजून एक, जे मला सगळ्यात जास्त टोचते. त्या कॅम्पमध्ये अंगावरच्या बाळांचीही तीच सोल्युबिलिटी टेस्ट केली आणि निगेटिव्ह म्हणून आयांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. साहेब, जन्मलेल्या बाळाच्या रक्तात मुख्य करून फीटल हिमोग्लोबिन असते, पोटात असतानाचं. मोठ्यांचं हिमोग्लोबिन हळूहळू पुढच्या काही महिन्यांत जागा घेते. म्हणजे एसएस असलेल्या बाळाच्याही रक्तात त्या वयात सिकलचं हिमोग्लोबिन इतकं कमी असू शकते की या टेस्टला ते दिसतच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही टेस्ट करायचीच नसते, टाचेतून थेंबभर रक्त कागदावर घेऊन एचपीएलसीला पाठवायचं असते. मग त्या निगेटिव्ह चिठ्ठीवर विसंबून ती माय निवांत बसली आणि बाळाला ताप आला तर? अशा बाळांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारं पोटातलं इंद्रिय, लवकरच निकामी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू त्यांचा बघता बघता जीव घेतात. 1986 साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं होतं की एसएस बाळांना रोज पेनिसिलिन दिलं तर असा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी होते. पेनिसिलिन! काही कोटींचं औषध नाही ते. पण द्यायचं कोणाला हे आधी कळलं तर पाहिजे.

आता दुसरं, गावाचं नाव का लिहीत नाही ते.

तुमच्या एका कर्मचाऱ्यानं कार्डं वाटायला सोपं जावं म्हणून पॉझिटिव्ह लोकांची एक्सेल फाइल गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. नाव, वय, मोबाईल नंबर, आणि शेवटच्या रकान्यात लाल रंगात 'पॉझिटिव्ह'. तो पोरगा कंत्राटी आहे, त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं, म्हणून त्याच्यावर कारवाई करा असं मी म्हणत नाही, उलट करू नका, नाहीतर सगळं त्याच्यावर ढकलून फाइल बंद होईल. त्यानं नंतर डिलीट केली पण तोवर ती आजूबाजूच्या गावांत फिरून आली होती.

त्या लिस्टमध्ये एका पोरीचं नाव होतं, तिचं साक्षगंध ठरलं होतं. पोराकडून फोन आला, "तुमच्या पोरीच्या रक्तात दोष हाये म्हणते जी, आमाले नाही जमत." मी त्या पोराच्या वडिलांना ओळखतो, धानाच्या नोंदणीला माझ्याकडंच येतात, म्हणून विचारलं की काकाजी, तुमच्या पोराची तपासणी झाली का. म्हणाले, "त्याले काऊन करा लागते, तो तर चांगला हाये." आता बघा, पोरगी एएस असेल आणि पोरगा एए, म्हणजे सिकलचा एकही जीन नसलेला, असेल तर त्यांना एसएस मूल होणारच नाही. काही लेकरं एएस होतील, म्हणजे माझ्यासारखी, आणि मी रोज पोतं उचलतो. धोका तेव्हाच जेव्हा पोराकडूनही एक बिघडलेला जीन येते, सिकलचा किंवा बीटा थॅलेसेमियासारख्या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आजाराचा. म्हणजे सोयरीक ठेवायची का मोडायची हे एकट्या पोरीच्या रिपोर्टवरून ठरतच नाही, आणि इथं तर पोरीचा पक्का रिपोर्टही नव्हता. पोराचं रक्तच कोणी घेतलं नाही, म्हणून दोष पोरीचा. पोरीचे बाबा त्यानंतर माझ्याकडं आले ते हे विचारायला की ऑनलाइनवरून तिचं नाव काढता येते का.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनॉस नावाचं एक गाव आहे, तिथं पन्नासेक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी सगळ्या गावाची सिकलसेल तपासणी केली, हेतू चांगला होता, वाहकांनी एकमेकांत लग्न टाळावं. नंतर जाऊन पाहिलं तर वाहक पोरापोरींना स्थळं येईनात आणि घरचे रिपोर्ट लपवू लागले होते. अमेरिकेत तर हवाई दलाच्या अकॅडमीत 1981 पर्यंत नुसत्या वाहकांनाही घेत नव्हते. म्हणजे जीनचा रिपोर्ट लोकांच्या हातात असा उघडा पडला की काय होते हे जगाला माहीत आहे, तुमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात ते का नाही? आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, तो हक्क आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतही लागू असावा अशी माझी समजूत आहे.

समुपदेशनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते झालंच थोडक्यात. कॅम्पमध्ये माइकवरून सांगितलं, 'दोघं वाहक असले तर चार लेकरांपैकी एक आजारी होते.' बस. त्यावरून आमच्याकडच्या एका जोडप्यानं हिशोब लावला की पहिलं लेकरू एसएस झालं, म्हणजे आता पुढची तीन चांगली. दुसरंही एसएस निघालं. असं नसते हो. आमच्याकडं निवडणुकीत बरोबरीची मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात, तसं समजा, पण इथं डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, एक एसएसची, दोन एएसच्या, एक एएची, आणि काढलेली चिठ्ठी दरवेळी परत डब्यात जाते. प्रत्येक गरोदरपणाला तेच 25 टक्के, आधी काय निघालं त्याच्याशी काही संबंध नाही. हे सांगायला माइक लागत नाही, अर्धा तास आणि एक स्टूल लागते. आणि हेही सांगा ना की दोघं वाहक असले तरी गरोदरपणाच्या 10 ते 12 आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बाळाचा पॅटर्न कळू शकते, पुढं काय करायचं ते त्या बाईनं आणि तिच्या घरच्यांनी ठरवावं. 'लग्न करू नका' एवढं म्हणून मोकळं होणं हे समुपदेशन नव्हे.

आणि ते एक वाक्य. कॅम्पला आलेल्या एकानं सहज म्हटलं, "तुमच्या लोकायच्यात असतेच हे." आणि त्याच हिशोबानं गावातल्या एका गल्लीत टीम गेलीच नाही, त्यांच्यात नसते म्हणून. साहेब, हा जीन कोणाचं जात प्रमाणपत्र पाहून येत नाही. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिलं की सिकलचा एकच जीन असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बचाव मिळते. म्हणून जिथं जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राच्या बाजूचे देश, आपला मध्य भारत, तिथं तिथं हा बदल टिकला. आमच्या आज्या-पणज्यांनी जंगलात, धानाच्या बांध्यात मलेरिया सोसला, त्यात एएसवाले जास्त जगले, त्याचा हा हिशोब आहे. विदर्भात गोंड, माडिया, परधान, कोरकू यांच्यात तो सापडते, बौद्ध समाजात सापडते, ओबीसींमध्येही सापडते. जात पाहून गल्ली सोडली की त्या गल्लीतलं एसएस लेकरू कावीळ उतरवणाऱ्याच्याच दारात जाणार.

आता संशोधक मंडळींना दोन शब्द. तुमच्याशी माझं भांडण कमी आहे आणि अपेक्षा जास्त.

तुमची टीम आली तेव्हा जादा ट्यूब घेतली, संमतीचा कागद इंग्रजीत होता. माझ्याकडं जे वाचून घ्यायला आले त्यांना मी वाचून दाखवला, बाकीच्यांनी आशाताईवर विश्वास ठेवून सही-अंगठा केला. सॅम्पल पुढच्या अभ्यासासाठी साठवून ठेवू असं त्यात होतं. काय अभ्यास, किती वर्षं, कोणाकडं, आणि आमच्याबद्दल काही कळलं तर आम्हाला सांगणार का, याबद्दल एक ओळ नव्हती. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की संमती माणसाला समजेल अशा भाषेत पाहिजे. अमेरिकेत हवासुपाई नावाचा आदिवासी समाज आहे, ॲरिझोनातला, त्यांनी 1990 च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं आणि ते रक्त त्यांना न विचारता भलत्याच अभ्यासांना वापरलं गेलं. केस चालली, 2010 ला विद्यापीठानं 7 लाख डॉलर दिले आणि साठवलेली सॅम्पल परत केली. तुम्ही तसं करताय असं मी म्हणत नाही. पण आम्हाला काही कळवतच नाही तर आम्ही काय समजायचं ते तरी सांगा.

अभ्यास होऊच नये असं तर मी मरेपर्यंत म्हणणार नाही, कारण माझी बहीण त्याच अभ्यासावर जगून राहिली आहे. मी हे सगळं रात्री केंद्र बंद केल्यावर वाचत बसतो. माणसाच्या डीएनएत सुमारे 300 कोटी अक्षरं आणि 20 हजाराच्या आसपास जीन, त्यात अकराव्या क्रोमोसोमवर एचबीबी नावाचा जीन, त्यात एका जागी ए च्या ऐवजी टी. एवढंच. त्या एका अक्षरानं हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल, म्हणजे साखळीची सहावी कडी, बदलते, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येते, आणि ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, पेशी वाकडी आणि कडक होते. चांगली लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसांत मरते, आणि जिवंत असेपर्यंत बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. 1910 ला शिकागोत हेरिक नावाच्या डॉक्टरनं एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पहिल्यांदा नोंदवल्या, 1949 ला लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि 1956-57 ला व्हर्नन इन्ग्रॅमनं तो नेमका एका अमिनो आम्लावर आणून ठेवला. शंभरावर वर्षांचं काम आहे हे.

पण खरी गंमत यापुढं आहे. अक्षर तेच, तरी आजार सगळ्यांना सारखा नाही. आमच्याच गावात दोन एसएस पोरी आहेत, एक वर्षातून एखाद्या वेळी आजारी पडते, दुसरी, म्हणजे माझी बहीण, रोवणीच्या दिवसात नुसती बांधीच्या धुऱ्यावर पावसात भिजली तरी रात्री कमरेपासून खाली कण्हत असते. असं का? तर डीएनएत इतर ठिकाणीही फरक असतात, कोणाही दोन माणसांत साधारण हजारात एक अक्षर वेगळं निघते, आणि त्यातल्या काही फरकांमुळं एखाद्याच्या रक्तात फीटल हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते. ते जास्त असलं की पेशी कमी वाकतात. शास्त्रज्ञांनी हजारो लोकांचे डीएनए आणि त्यांच्या रक्तातलं फीटल हिमोग्लोबिन जुळवून पाहिलं, आणि 2007-08 च्या सुमारास बीसीएल11ए नावाचा जीन सापडला, जो बाळपणीचं हिमोग्लोबिन बंद करते. मग तो बंद करणाराच बंद केला तर? त्यावरूनच क्रिस्परचा, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापायच्या तंत्राचा, उपचार निघाला, डिसेंबर 2023 ला अमेरिकेत मंजूर झाला, किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं 18 कोटीच्या वर. दिल्लीत आयजीआयबी या सरकारी जीन-संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही स्वस्त उपचारासाठी काम करून राहिले. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पानं 10 हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले. व्हायलाच पाहिजे हे, कारण जगातले बहुतेक मोठे जीन-अभ्यास युरोपियन वंशाच्या लोकांवर झालेत आणि आमच्या रक्तातले फरक त्यात सापडणार नाहीत.

या अभ्यासातूनच एक वाक्य मात्र आमच्या डोक्यावर येऊन पडलं, 'भारतातला सिकलसेल सौम्य असते.' रेफर करून नेलेल्या बहिणीकडं पाहून एका डॉक्टरनं हेच ऐकवलं. अरब-इंडियन हॅप्लोटाइपमध्ये, म्हणजे अरबस्तानात आणि आपल्याकडं सापडणाऱ्या सिकलच्या प्रकारात, फीटल हिमोग्लोबिन जास्त असते, हे खरं. पण नागपूरच्या डॉक्टरांनीच लिहून ठेवलंय की मध्य भारतातल्या मुलांनाही दवाखान्यात दाखल व्हायची, रक्त चढवायची वेळ वारंवार येते. सरासरी ही सरासरी असते, ती बेडवर येऊन झोपत नाही, झोपते तो माणूस.

आणि आता या दोन्ही गोष्टी एकत्र आणतो, म्हणजे माझा राग कुठला आहे ते कळेल. 18 कोटींचा उपचार जे करते, म्हणजे फीटल हिमोग्लोबिन वाढवणं, तेच काम काही प्रमाणात हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल करते. 1995 च्या अमेरिकन ट्रायलमध्ये तिनं दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आणले होते. जुनं औषध, स्वस्त औषध. एकच अट, रोज घ्यायचं आणि अधूनमधून सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून पेशी पाहायच्या. मधात बंद केलं की फायदा ओसरते. आणि तुम्ही काय केलं, तर हीच कॅप्सूल पीएचसीतून उचलून जिल्ह्याला नेली. पावसाळ्यात आमच्या नाल्यावरून पाणी गेलं की एसटी येत नाही. रोवणीच्या हंगामात एक दिवस जिल्ह्याला जाणं म्हणजे रोग्याची आणि सोबतच्याची, दोघांची मजुरी बुडते. मागं पीएचसीत साठा संपला होता तेव्हा बहिणीचं औषध काही आठवडे तुटलं आणि तिला सलाईन लावून, दुखणं थांबवायची इंजेक्शनं देऊन वॉर्डात ठेवावं लागलं. पलंग नव्हता, खाली गादीवर होती. आईनं तिचे पाय मांडीवर घेतले होते आणि कोणी बाजूनं चाललं, जमीन थोडी हलली तरी ती ओरडत होती. 1 जुलै 2023 ला शहडोलला राष्ट्रीय मिशन सुरू झालं, 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत सिकलसेलचं उच्चाटन. तपासणीचे आकडे तुम्ही वर पाठवता, त्या आकड्यात कॅप्सूल किती दिवस तुटली याचा रकाना आहे का?

तर मागण्या. जास्त नाहीत आणि एकही अशी नाही की तिला मंत्रालयात जावं लागेल.

मागच्या कॅम्पमध्ये घेतलेल्या सगळ्या एचपीएलसीचे रिपोर्ट पुढच्या कॅम्पच्या आधी द्या. सॅम्पल हरवले असतील, खराब झाले असतील तर तसं लेखी सांगा, आम्ही परत देऊ, पण पहिल्यांदा त्याच लोकांचं करा. सहा महिन्यांच्या आतल्या ज्या बाळांना निगेटिव्ह चिठ्ठ्या दिल्या त्या रद्द झाल्याचं त्यांच्या आयांना घरी जाऊन सांगा आणि त्यांची बरोबर तपासणी करा. ही मागणी सगळ्यात तातडीची आहे, बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, ही नाही.

हायड्रॉक्सीयुरिया पीएचसीतच ठेवा. जिल्ह्याचा डॉक्टर डोस ठरवेल, ठीक आहे, तो वजनावर ठरवावा लागते हे माहीत आहे, पण त्यानंतर दर महिन्याची कॅप्सूल आणि सीबीसी पीएचसीत झाली पाहिजे. पेनिसिलिन आणि फॉलिक ॲसिडचंही तेच.

रिपोर्ट बंद लिफाफ्यात, ज्याचा त्याच्या हातात. लिस्ट कुठल्याही ग्रुपवर, फळ्यावर, माइकवर नको. कर्मचाऱ्यांना हे लेखी द्या, त्यांच्याकडून सही घ्या. रिपोर्टसोबत समजावून सांगणारं माणूस पाहिजे, शक्यतो आमची बोली बोलणारं, आणि लग्न ठरणाऱ्या पोरांनाही बोलवा, नुसत्या पोरींना नको. कॅम्प सगळ्या गल्ल्यांत घ्या.

संशोधकांनो, संमतीचा कागद मराठीत आणि जिथं गोंडी-माडिया बोलतात तिथं त्या भाषेत वाचून दाखवा. आमच्या गावचे किती सॅम्पल कुठं आहेत आणि कशाला वापरले हे एका पानात लिहून ग्रामसभेला द्या, नावं न घालता. आणि अभ्यास संपला की एकदा येऊन सांगून जा, काय सापडलं. चहा आमच्याकडून.

कॅम्पवर बहिष्कार टाका असं काही लोक म्हणून राहिले आहेत. मी त्यांच्यासोबत नाही, तपासणी झालीच पाहिजे, ती झाली नसती तर माझ्या बहिणीचं आजही तेल चोळणंच चाललं असतं. पण ग्रामसभेत ठराव मांडणार आहे की जुन्या रिपोर्टबद्दल लेखी उत्तर आल्याशिवाय नवीन कॅम्पची तारीख घेऊ नये, आणि सरपंच तयार आहेत. उत्तर ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवा, आवक नंबर टाकून मीच तुम्हाला पोच पाठवतो. कॅम्पच्या दिवशी केंद्र बंद ठेवून दिवसभर रजिस्ट्रेशनला बसतो, मानधन नको, जेवण नको. फक्त त्या दिवशी तुमच्या माणसाकडं जुन्या रिपोर्टचे लिफाफे असले पाहिजेत, नाव पाहून एकेक हातात द्यायला.

आपला,
एक सेवा केंद्र चालक
(एएस पॅटर्न, एसएस बहिणीचा भाऊ)